मुकुंदवाडीच्या गाळ्यातली बदकांची भिंत

नाही अप्पा, सही मिळणार नाही. तो मुखत्यारपत्राचा कागद तुम्ही कितीही वेळा पाठवा, फोनवर कितीही खेकसा, तनूला मधी घालून तिला कितीही रडवा, गाळा विकायच्या कागदावर माझी, सोमनाथची, सही होणार नाही. "कागदावर नाव असलं म्हणून मालक होतो का रं?" असं तुम्ही परवा म्हणलात. होतो, अप्पा. हे मी तुमच्याच दुकानात शिकलो. काम कुणी का केलेलं असेना, कोपऱ्यात ज्याचं नाव त्याचं चित्र.

तुम्हाला दुकानाचा नियम सांगायची गरज नाही, पण हा कागद उद्या चार लोक वाचतील म्हणून लिहितो. ‘अप्पा आर्ट्स’मधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोर्डावर शेवटचा हात उस्तादाचा. पोरानं कितीही जीव लावून रंगवलेलं असू दे, शेवटी तुम्ही उठायचात, ब्रश घ्यायचात, कुठंतरी एक उजेड मारायचात, पाणी असलं तर पाणी निळं करायचात आणि उजव्या कोपऱ्यात ‘अप्पा’ लिहायचात. मगच बोर्ड बाहेर उन्हात. माझ्या हातचं एकही काम त्या शहरात माझ्या नावानं उभं नाही. आणि आता तुम्हालाच माझी सही पाहिजे. तुम्ही सहीचा कागद मागितला, मी हा कागद पाठवतोय. हे माझं मृत्युपत्र आहे.

एवढं लिहून वहाबला दाखवलं. वहाब माझ्या खोलीतला, आपल्याच शहागंजचा. इथं यायच्या आधी तो कोर्टासमोर एका बाँड रायटरच्या हाताखाली होता, म्हणून कागद कसा करायचा ते त्याला माहीत. वाचून म्हणला, "क्या रे सोम्या, वसियत लिखरा कि बाप से झगडरा?" मी म्हणलं, दोन्ही. "तो पैले नाम-पता डाल. फिर झगड, कलम पाड के झगड."

तर लिहून ठेवतो की, मी सोमनाथ अप्पाराव लिंबोरे, वय सत्तावीस, शिक्षण आठवी नापास, धंदा पूर्वी बोर्ड रंगवणे, सध्या ओमान देशात समुद्रकाठच्या यार्डात जहाजांचा गंज काढणे, कायमचा राहणार मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या मागं, छत्रपती संभाजीनगर. हा कागद मी माझ्या मनानं लिहितोय. कुणी धरून बसवलेलं नाही, नशापाणी केलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे, तसं हिमांशूनं, म्हणजे आमच्या कॅम्पच्या दवाखान्यातल्या ब्रदरनं, लिहूनही दिलंय. छातीबद्दल त्यानं वेगळा कागद दिलाय. तो इथं जोडत नाही, पण त्यात काय आहे ते पुढं येईल. आधी कुठला असा कागद मी केलेला नाही, करण्यासारखं काही नव्हतंच.

कलम पहिलं, गाळा.

स्टेशन रस्त्यावरचा गाळा, शटर आणि वरच्या पत्र्यासकट, माझ्या मागं माझी बहीण तनुजा, म्हणजे तनू, हिचा. अप्पा आहेत तोवर त्यांना तिथं बसायचा, काम करायचा आणि दुपारी आडवं व्हायचा हक्क राहील. तो हक्क तनूनं किंवा तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं मोडायचा नाही. अप्पा आहेत तोवर गाळा विकायचाही नाही, भाड्यानंही द्यायचा नाही.

हा गाळा आईनं घेतला हे कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथं लिहितो. माझी आई पारूबाई पुंडलिकनगरच्या घरांत पोळ्या लाटायची. लाटून लाटून तिचं मनगट सुजायचं, मग ती डाव्या हातानं लाटायची, आणि डाव्या हाताच्या पोळ्याही गोल व्हायच्या. त्या पोळ्यांचा गाळा आहे हा. मला अठरा पूर्ण झाल्याबरोबर तिनं माझ्या नावावर घेतला. अप्पांच्या नावावर घेतला असता तर अप्पांनी तो कुणाच्यातरी जामिनाला लावला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. रजिस्ट्री ऑफिसात अप्पा तोंड फिरवून बसले होते. आई म्हणली, "अवो, पोराच्या नावावर हाय म्हंजी तुमच्याच घरात हाय." अप्पा म्हणले, "पोराच्या नावावर हाय म्हंजी पोराच्याच नावावर हाय." तुमचंच खरं निघालं, अप्पा.

आता तुम्ही तो मोबाईलवाल्याला द्यायला निघालात, इसार घेऊन बसलात. मोबाईलवाल्याची माझी काही दुश्मनी नाही. त्याला चकचकीत दुकान पाहिजे. तो आत तिन्ही भिंतींना प्लायवूड ठोकून वरून सनमायका मारणार आहे. तनूनं त्याला डाव्या भिंतीवरचा प्लास्टिकचा कागद वर करून दाखवला तर तो म्हणला, "अरे वा, मस्तय. राहू द्या ताई, पुसायची गरज नाही, आम्ही वरूनच खिळे मारू."

म्हणून कलम दुसरं, ती भिंत.

गाळ्याची डावी भिंत मी वेगळी लिहितो. वहाब म्हणतो, भिंत गाळ्यातच आली, अलग नक्को लिख. मी लिहिणार.

फ्लेक्स आल्यावर आपल्याकडं काम उरलं नव्हतं. अप्पा घरी बसून राहायचे, मी शटर अर्धं ओढून आत रंगवायचो. उरलेले डबे, गोठलेले रंग, प्रायमर, जे होतं त्यात. त्या भिंतीवर पैठणच्या नाथसागराचं मागचं पाणी आहे. धरण नाही, बाग नाही, मावळता सूर्य नाही. थंडी पडायला लागली की पाणी मागं हटतं, गाळ उघडा पडतो, त्या गाळात लोक हरभरा नाहीतर गहू टाकतात, त्याला गाळपेर म्हणतात, ते आहे.

डावीकडं गाळपेराच्या हिरव्यात पट्टकदंब चरतायत. डोक्याच्या मागं दोन काळ्या पट्ट्या, हिमालयाच्या पलीकडून आलेले, आणि इथं येऊन लोकांचा हरभरा खाणार. शेतकऱ्यानं हाकलायला बांधलेली चमकी पट्टी वाऱ्यावर फडफडतेय, तिला ते जुमानत नाहीत. नंतर कोरडी रेती, तिथं चक्रवाकाची जोडी, नारिंगी. ते चिखलात अंग घालत नाहीत, कोरड्यात उभं राहून सगळ्यांवर ओरडतात. मग उथळ घाण पाणी, म्हशी बसून उठल्यावरचं. त्यात थापट्या, फावड्यासारखी चोच, पाणी गाळत गोल फिरणारे. जरा खोलात तलवार बदक, डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडं. आणि पार लांब, शेतीच्या मोटारींच्या पाइपांपलीकडं, लालसरी. ती बुडी मारून खाते, तिला खोल पाणी लागतं.

म्हणजे पक्षी कुठं थांबलाय ते बघितलं की पाणी किती ते कळतं. आणि पाणी चुकलं की पक्षी खोटा पडतो, त्याची पिसं कितीही मोजून काढा. माझं एवढंच म्हणणं होतं, अप्पा. बाकी भांडण तुम्ही वाढवलं.

"चिखल इकत घेतंय का कुनी? लोकायला घरात लावायचंय. निळं मार, दोन कमळं टाक, मधी एक राजहंस सोड."

"राजहंस येत नाहीत आपल्याकडं."

"चित्रात येत्यात."

"आणि पाइप?"

"त्यो बी काढून टाक. चित्रात मोटारीचा पाइप कोन काढतं, येड्या?"

"तिथं आहे तो."

"तिथं तर मानसं परसाकडं बी बसत्यात. त्ये बी काढतो का?"

मी म्हणलं, जागा उरली तर काढतो. कानाखाली बसली ती अजून आठवते. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तुम्ही तिच्यावरही डाफरलात. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि दारात गिऱ्हाईक उभं होतं. बावीस वर्षांच्या पोराला गिऱ्हाइकादेखत कुणी मारत नाही.

भिंतीचं एक काम राहिलंय. सगळ्यात जवळ, खालच्या बाजूला, हळदीकुंकू बदकांची जोडी उभी आहे. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपका, हे नाव मला आईनंच सांगितलं होतं. ती दोघं पूर्ण आहेत, पण ती ज्या पाण्यात उभी आहेत ते पाणी नाही. तिथं नुसता पांढरा प्रायमर आहे. त्याचं काय करायचं ते शेवटी लिहितो.

कलम तिसरं, श्रीधररावांकडचे बोर्ड.

श्रीधरराव गारखेड्यात राहतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर, सुट्टी असो नसो, गळ्यात दुर्बीण. नाथसागराच्या काठच्या गावांत पक्ष्यांचे बोर्ड लावायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी पदरच्या पैशानं आपल्याला ऑर्डर दिली. मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन जायचे. चिखलात पोतं टाकून बसायचो दोघं. ते मला पक्ष्यांची नावं सांगायचे आणि मी त्यांना सांगायचो की कुठला रंग कशात काय मिसळल्यावर येतो. एकदा त्यांचा बूट गाळात रुतून राहिला. तो काढायला गेलो तर माझी चप्पलही गेली. दोघं एका पायानं अनवाणी आलो, त्यांच्या त्या पायात नुसता मोजा.

बोर्ड मी मन लावून केले. प्रत्येक पक्षी त्याच्या त्याच्या पाण्यात. श्रीधरराव ते न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी शहरात गेलो आणि येईपर्यंत तुमचा शेवटचा हात फिरून झाला होता. सगळं निळं. थापट्या खोल निळ्या तळ्यात, चक्रवाक कमळाच्या पानावर. पट्टकदंबांखालचा हरभरा गेला होता, त्या जागी लाटा. कोपऱ्यात ‘अप्पा’.

दुसऱ्या दिवशी श्रीधररावांनी एकेक बोर्ड उजेडाकडं वळवून बघितला. मग हळूच म्हणाले, "बदकं सुरेख झालीत हो. पण अप्पाराव, हे पाणी कुठलं?"

तुम्ही म्हणलात, "पान्याचं काय, साहेब. पानी पान्यावानी."

त्यांनी ठरलेले पैसे पूर्ण दिले, बोर्ड टेम्पोत भरले, मला पाठीवर थोपटलं. ते बोर्ड कुठल्याच गावात लागले नाहीत. त्यांच्या घराच्या जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभे आहेत, मी जाऊन बघून आलोय. त्यानंतरच्या आठवड्यात मी एजंटच्या ऑफिसात पासपोर्ट दिला. एक नोकरी सोड, दुसरी धर, वाळूजच्या कंपनीत चार महिने, मग ट्रकवर क्लीनर, असं माझं आधीही चालायचं, तुम्ही म्हणायचात पोराच्या पायाला भिंगरी आहे. पण त्या वेळी भिंगरी नव्हती. त्या वेळी मी निघून गेलो होतो.

तर ते बोर्ड श्रीधररावांचे आहेत, त्यावर आमच्या घरातल्या कुणाचा हक्क नाही. निळा रंग खरवडायला जाऊ नका, साहेब. ऑइलपेंट आहे, पक्का वाळलाय. वरचा निघेपर्यंत पक्ष्यांचे पाय निघून येतील. राहू द्या जिन्यात. माझ्या फोनमधले इथले फोटो तुम्हाला. यार्डाच्या पलीकडं ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, सुट्टीच्या दिवशी मी तिथं जायचो. थंडीत तलवार बदकं येतात, आपल्यासारखीच. पहिल्या वर्षी ती दिसली तेव्हा मी इतका जोरात ओरडलो की वहाबला वाटलं साप चावला. फोटो धुरकट आलेत, फोन स्वस्तातला आहे.

या कागदात लिहिलेलं सगळं नीट पार पाडायचं काम मी श्रीधरराव यांच्यावर सोपवतो. ते अप्पांवर ओरडणार नाहीत आणि त्यांना भिणारही नाहीत, असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

कलम चौथं, हत्यारं.

बारीक ब्रश, चार इंची पट्टीचे ब्रश, दोरी, खडू, वर चढायची घोडी, सगळं अप्पांना. तुमचंच होतं, मी तुमच्यापासून चोरून वापरायचो. आईचा पोळपाट तनूला. आई गेल्यावर मी त्याच्यावर रंग कालवायला लागलो म्हणून तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. तनू, तो घासत बसू नको. रंगात काय काय असतं, त्याच्यावर आता पोळ्या लाटायच्या नाहीत. भिंतीला टांग.

माझी सायकल वहाबच्या धाकट्या भावाला. वहाब स्वतः साक्षीदार आहे म्हणून त्याला काही देता येत नाही, असा कायदा तोच सांगतो. सांगून झाल्यावर म्हणला, "देख, मेरा ईमान देख. अपना हिस्सा खुद मारलिया."

आता मधी एक गोष्ट, तिला कलम नाही.

अप्पा, तुम्ही मला सांगितलं नाहीत, तनूनं सांगितलं. तिनं आवाज पाठवला, मागं स्टेशनवरची गाडीची घोषणा चाललेली, म्हणजे घरातून लपून बाहेर येऊन बोलत होती. "दादा, अप्पा पैशासाठी गाळा नाही इकायले. तुज्या छातीचं त्यायला कळलंय. वहाबभाईच्या घरून कळलं. मोठ्या दवाखान्यात न्यायचंय म्हनत्यात तुला. इसाराचे पैसे पन ऱ्हायले नाहीत दादा, एजंटला दिले, पोराला लवकर सोडवून आन म्हनून. आता एजंट फोन उचलंना."

मी ते परत परत ऐकलं. आधी वहाबला शिव्या दिल्या. मग कुणालाच दिल्या नाहीत.

म्हणून आता स्पष्टच लिहितो, म्हणजे तुम्ही कुणाला विचारत फिरायला नको. इथं आम्ही जहाजाच्या पत्र्यावर दाबानं वाळू मारतो. गंज उडतो, मग रंग बसतो. ठेकेदारानं कापडाचा मास्क दिला. वाळूची धूळ कापडातून जाते आणि छातीत बसते, आणि बसली की निघत नाही. हिमांशूनं मला छातीचा फोटो उजेडापुढं धरून दाखवला. दोन्हीकडं पांढरे ठिपके, आपण प्रायमर झटकल्यावर भिंतीवर उडतो तसे. मी विचारलं, औषध? तो नाशिकचा आहे, खोटं बोलायची त्याला सवय नाही. म्हणला, "खोकल्याचं आहे. दम लागला की ऑक्सिजन आहे. ह्याचं नाही, सोमनाथ." मी म्हणलं, मोठ्या दवाखान्यात? मुंबईत? तो माझा बीपी घ्यायला लागला.

तेव्हा गाळा विकून मी बरा होणार नाही, अप्पा. गाळा जाईल आणि मीही जाईन. दोन्ही कशाला घालवता? तुमचा हिशेब चुकलाय असं मी म्हणत नाही, तुमच्या जागी मीही विकला असता. पण तुमच्या जागी मी नाही आणि नाव माझं आहे.

कलम पाचवं, एजंट.

ज्या एजंटनं मला पेंटरचं काम सांगून इथं वाळू मारायला पाठवलं आणि माझ्या बापाकडून ‘सोडवतो’ म्हणून पैसे खाल्ले, त्याला मी माझा मास्क देतो. बॅगेच्या बाहेरच्या खिशात आहे. धुतलेला नाही. तनूनं तो त्याच्या टेबलावर ठेवून यायचं, एकटीनं जायचं नाही, श्रीधररावांना बरोबर घ्यायचं. बोलायचं काही नाही. ऑफिसात गिऱ्हाईक बसलेलं असेल अशा वेळी जायचं.

कलम सहावं, माझं मयत.

कंपनी महिनाअखेर मला तिकीट काढून परत पाठवणार आहे, अनफिट म्हणून. आलो तर हा कागद मीच फाडीन आणि गाळ्यात त्या भिंतीसमोर गादी टाकून पडीन, मग काय भांडायचं ते समोरासमोर. पण यायच्या आधीच काही झालं तर पेटी आणायला कुणापुढं हात पसरायचा नाही, तो खर्च कंपनीचा आहे, वहाबकडं कागद आहेत. राख पैठणला घाटावर नेऊ नका, तिथं गर्दी असते आणि पाणी हिरवं असतं. मागच्या बाजूला, गाळपेरात, जिथं आमचा बूट आणि चप्पल रुतली तिथं टाका. श्रीधररावांना जागा माहीत आहे. हरभऱ्याच्या ओळीत टाकू नका, लोकांचं पीक आहे. पाण्याच्या कडेला टाका.

कलम सातवं आणि शेवटचं, राहिलेलं पाणी.

हळदीकुंकवाच्या जोडीखालचं पाणी मी अप्पांना देतो.

दुकानाचा नियम तुमचाच. शेवटचा हात उस्तादाचा. तो हात भिंतीला लागल्याशिवाय काम बाहेर जात नाही, आणि मला ही भिंत अर्धी ठेवायची नाही. फक्त याला एक अट घालतो. ब्रश धरायच्या आधी तुम्ही एकदा तिथं जायचं. अप्पा, तुम्ही आयुष्यभर पाणी रंगवलंत, पण नाथसागराच्या काठाला बसलेले मी तुम्हाला कधी बघितलं नाही. पैठणला गेलात ते बोर्ड लावायला, लावून एस.टी. पकडून परत. श्रीधरराव तुम्हाला नेतील. स्कूटर नको, तुमची कंबर धरते, रिक्षा करा. पोतं न्या. जानेवारीत जा, तेव्हा सगळे आलेले असतात. ऊन वर येईपर्यंत बसा, बोलू नका, तंबाखू मळताना टाळी वाजवू नका, उडतील. बघा, पाण्याचा रंग काय आहे. खाली गाळ असला की वरचं आभाळ त्यात कसं मळकं दिसतं. बदक पाय उचलतं तेव्हा त्याच्यामागं चिखलाची रेघ पाण्यात कशी सुटते. ते बघून या, आणि मग तुम्हाला जे दिसलं ते रंगवा. निळं दिसलं तर निळं रंगवा. मी बघायला नसणार, पण तुम्ही खोटं बोलणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलाल, माझ्याशी नाही.

कोपऱ्यात सही तुम्हीच करा. फक्त ‘अप्पा’ लिहू नका, ‘लिंबोरे’ लिहा. ते दोघांचंही आहे.

वर लिहिलेलं सगळं मी दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं. वाचताना मधी दोनदा थांबलो, ते खोकल्यामुळं. खाडाखोड एकच आहे, कलम पाचमध्ये, तिथं आधी शिवी होती, वहाबनं ती खोडायला लावली. खोडलेल्या जागी मी आद्याक्षर केलंय. खाली माझी सही. दुकानात कधी करायला मिळाली नाही म्हणून जरा मोठी आली आहे.

सोमनाथ अप्पाराव लिंबोरे

साक्षीदार पहिला: वहाब, राहणार शहागंज, छत्रपती संभाजीनगर, हल्ली खोलीतला वरचा पलंग. सही.

साक्षीदार दुसरा: हिमांशू, राहणार नाशिक, हल्ली कॅम्पचा दवाखाना. सही. हे लिहिताना सोमनाथ शुद्धीवर होता आणि मी त्याला तीन वेळा झोपायला सांगितलं होतं.

ठिकाण: कामगारांचा कॅम्प, समुद्रकाठ, ओमान. दिनांक १४ डिसेंबर २०२५.

सह्या झाल्यावर हे लिहितोय, कारण पैशाची पावती आजच आली.

इसारपावतीवर माझी सही नाही, म्हणून मोबाईलवाल्याचा व्यवहार टिकत नाही, पण त्याचे पैसे त्याला परत मिळालेच पाहिजेत. त्यानं ते कष्टानं कमावलेत. तुम्ही ते कुठून आणणार? म्हणून गेला महिनाभर मी टाकीत उतरलो. जहाजाच्या पोटातली टाकी, आत हवा नाही, बाहेर पडायला एकच भोक, वाळू मारली की स्वतःचा हात दिसत नाही. तिथं कुणी जात नाही म्हणून ठेकेदार दुपटीच्या वर देतो. हिमांशूनं मला उतरवू नका असं लिहून दिलं होतं. ठेकेदार म्हणला, मग स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो अशी सही कर. हिमांशू माझ्या अंगावर धावून आला, "अरे, तू सही केलीस कशी?" केली. बापानं मागितलेली सही दिली नाही, ही मात्र दिली. रागावू नका, अप्पा. जे आत बसायचं होतं ते आधीच बसलेलं होतं, थोडं आणखी बसलं.

टाकीचे आणि आधी साठवलेले मिळून पैसे तनूच्या खात्यात टाकलेत. इसाराचे दोन लाख मोबाईलवाल्याला परत द्या आणि त्याच्याकडून पावती लिहून घ्या. वरचे चार हजार रंगाचे. तपकिरी, पिवळी माती, काळा, पांढरा, असे डबे घ्या, आणि निळ्याचा डबा नाथसागरावरून आल्याशिवाय घेऊ नका. एकूण रुपये दोन लाख चार हजार फक्त.